पोटात ठेवणारी बाई

सुचिता बागवेच्या पोटात एखादी गोष्ट गेली की गेली. ती पुन्हा वर आलेली सीबीडी बेलापूरच्या त्या सरकारी इमारतीत कुणी पाहिली नाही. तिनं सगळी नोकरी आस्थापना शाखेत काढली. कुणाची बदली होतेय, कुणाची चौकशी लागलीय, कुणाचं प्रमोशन कुठे अडकलंय, सगळं तिच्या टेबलावरून पुढे जायचं. लोक चहा पाजायचे, गोड बोलायचे, दिवाळीला चकल्यांचे डबे आणून द्यायचे. बाई चकल्या खायची आणि नुसती हसायची. एकदा तिची जिवाभावाची मैत्रीण अरुणा तिला नव्या घराचे पडदे घ्यायला वाशीला घेऊन गेली. दोघींनी दुकानं पालथी घालून आंबा कलरचे पडदे निवडले, वर पावभाजी खाल्ली. अरुणाची बदली चंद्रपूरला झालीय हे सुचिताला आदल्या दिवशीपासून ठाऊक होतं. ऑर्डर हातात पडल्यावर अरुणानं तिच्याशी बोलणं टाकलं ते कितीतरी महिने. सुचिताला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आपलं काही चुकलं असं तिला मुळीच वाटलं नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तिचं तत्त्व होतं, आणि तत्त्वाच्या बाबतीत बाई भलतीच हट्टी होती.

अशी बाई शिडाच्या बोटीत कशी गेली, तर ऑफिसच्या महिला दिनामुळे. त्या वर्षी साडी-वाटप आणि संगीतखुर्ची यांचा कंटाळा येऊन कुणीतरी खाडीतल्या सेलिंग क्लबात सहल काढली. बाकीच्या बायका किंचाळत होत्या, फोटो काढत होत्या. सुचिताला मात्र तिथे पहिल्यांदा असं वाटलं की इथे आपल्याला कुणी काही विचारणार नाही. मग ती दर रविवारी जायला लागली. सीवूड्सच्या शेजारणींनी नाकं मुरडली, नवऱ्यानं "जा बाई, पण सनस्क्रीन लाव" म्हटलं, आणि बघता बघता ती गोव्यापर्यंत जाऊन आली. तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर क्लबातल्या जयप्रकाश धारप यांनी विचारलं, "सुचिताबाई, सेशेल्सला येता का?" तेव्हा ती पिशवीत काय भरायचं याचाच विचार करायला लागली होती.

हे धारप म्हणजे मर्चंट नेव्हीतले निवृत्त चीफ इंजिनियर. नेरूळला राहतात, पण सोसायटीतल्या वॉचमनपासून सगळे त्यांना चीफ म्हणतात, आणि तसं नाही म्हटलं तर त्यांना राग येतो. 'मंजिरी' ही बोट त्यांची. डोलकाठी एकच, शिडं दोन, आणि आतली जागा तिघांत मिळून एका वन-रूम-किचनपेक्षा कमी. तिसरा राजवर्धन साबळे. उरणकडच्या एका कंटेनर गोदामात सुपरवायझर, अंगानं दांडगा, हसरा, मूळचा साताऱ्याकडचा. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याबटाट्याच्या गोणी पाठीवर वाहून कोपरखैरण्यात घर केलं होतं. पोरगा बिनपगारी रजा घेऊन समुद्रात निघालाय म्हटल्यावर आप्पांचं डोकंच फिरलं. निघायच्या दिवशी राजवर्धन पाया पडायला वाकला, तर म्हाताऱ्यानं पाय मागे घेतले.

ही गोष्ट राजवर्धननं सुचिताला मुंबईचा किनारा दिसेनासा झाल्यावर सांगितली. हसत हसतच सांगितली, पण सुकाणूवरचा हात आवळलेला होता. "तोंडानं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं ओ ताई. पाय मागं घेतलं."

सुचितानं ऐकलं आणि नेहमीप्रमाणे पोटात ठेवलं.

बोटीवर चीफचे नियम फार. सॅटेलाइट फोन सरकारी परवानग्या काढून आणलेला, तो फक्त सुचिता हाताळणार. संध्याकाळी उजेड असताना फोन सुरू करायचा, प्रत्येकानं घरी एक छोटा मेसेज पाठवायचा, आलेले मेसेज तिनं मोठ्यानं वाचून दाखवायचे, की फोन बंद. राजवर्धनचा मेसेज रोज आप्पांना. खरं तर त्याच्या मोठ्या भावाला, बाबासोला, कारण आप्पांना फोनमधलं काही जमत नसे. आज एवढं अंतर कापलं, आज उडणारे मासे डेकवर पडले, आज डॉल्फिन दिसले. उत्तर रोज तेच यायचं. "जेवलास का. परत कधी येनार." डॉल्फिनबद्दल आप्पांना काहीही म्हणायचं नव्हतं. राजवर्धन खांदे उडवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन काहीतरी शोधून लिहायचा. त्याला एकच शब्द हवा होता आणि तो येत नव्हता.

वारा पाठीशी होता, बोट मजेत चालली होती, अर्धी वाट केव्हाच मागे पडली होती. अशा एका संध्याकाळी सुचितानं खाली फोन सुरू केला तर मेसेजऐवजी फोनच वाजला. राजवर्धन पुढे शिडाचा दोर बांधत होता. चीफ सुकाणूवर होते.

"ताई, बाबासो बोलतोय. राजा जवळ हाय का?"

"नाही. पुढे आहे. बोलावू?"

"नगं, नगं!" तो घाईनं म्हणाला. "आप्पा गेलं ओ ताई. सकाळी सोसायटीच्या बागंत देवाला फुलं तोडत हुतं, तितंच खाली बसलं. डॉक्टर येईस्तवर खेळ खलास. राजाला सांगू नका. मधी पान्यात त्यो काय करनार? जमिनीला पाय लागू द्या, मग आमी सांगतो."

तेवढ्यात फोन दुसऱ्या हातात गेला. बाळाबाई, राजवर्धनची आई. आवाज बसलेला, पण रडत नव्हती.

"पोरी, तुला माझ्या गळ्याची आन हाय. माझं एक गेलं, दुसरं समुद्रात हाय. कळलं तर ते कुटं बगल, कुटं पाय ठेवल. तू बोलू नगंस."

"नाही बोलणार," सुचिता म्हणाली. एवढ्या वर्षांच्या सवयीनं म्हणाली.

चीफना सांगणं भागच होतं. त्यांनी टोपी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. तिघंच आहोत आपण. तो कोसळला तर वॉच कोण ठेवणार? वारा उलटा, परत फिरणं शक्य नाही. सेशेल्सचं माहे बंदर आलं की सांगू." सगळं रीतसर होतं. आईची शपथ होती, कॅप्टनचा हुकूम होता, आणि गुपित सांभाळायला सुचितासारखी बाई होती. यापेक्षा चांगली व्यवस्था ऑफिसातही झाली नसती.

पण ऑफिसात पाच वाजले की घरी जाता येतं. अरुणाच्या बदलीचं ओझं घेऊन सुचिता बसमध्ये बसायची, घरी भाजी निवडायची, टीव्ही लावायची. इथे जायचं कुठे? जेवायला बसलं की राजवर्धनचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागायचा. खाली आडवं झालं की त्याचं डोक्यावरचं चालणं ऐकू यायचं. रडायला म्हणून संडासात शिरावं, तर तिथला पंप मारल्याचा आवाज सगळ्या बोटीला कळतो आणि न मारल्याचाही कळतो. चारी बाजूंना एवढं पाणी की नजर पोचू नये, आणि हिला उभं राहायला कोपरा नाही. तिनं असा कोंडमारा आयुष्यात सोसला नव्हता.

त्यात हा बाप्या बोलका. त्याला आप्पांखेरीज विषय नाही. आप्पा गोणी उचलताना कसे श्वास धरायचे, मुकादम झाल्यावरही सवयीनं पाठ कशी वाकवून चालायचे, नवी मुंबईत उभा जन्म काढून समुद्रात कधी पायसुद्धा कसा घातला नाही. "परत गेल्यावर आप्पांना बेलापूरला आनतो आन बोटीत बसवतो बगा ताई. उचलून बसवतो." सुचिता कांदा चिरत म्हणायची, "हो, बसव." हे खोटं होतं का? ती स्वतःशी वाद घालायची आणि कांद्याच्या नावाखाली डोळे पुसून घ्यायची.

बाबासोचे मेसेज येत राहिले. "जेवलास का. परत कधी येनार." बिचाऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं. सुचिता ते मोठ्यानं वाचायची आणि लगेच फोन बंद करायची.

मग वारा पडला. विषुववृत्ताच्या जवळ असा पट्टा लागतो, हे सगळ्यांना माहीत होतं, पण माहीत असणं निराळं. शिडं लोंबली. पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं आणि बोट जागच्या जागी कुशी बदलत राहिली. इंजिनाचं डिझेल बंदरात शिरायला राखून ठेवायचं, म्हणून चीफ हात लावू देईनात. सगळी एकमेकांची तोंडं बघत बसली. त्यातच एका संध्याकाळी फोन सुरू केला तर सुचिताच्या नवऱ्याचा मेसेज होता, चीफच्या मुलीचा होता, आणि साबळ्यांकडून काहीच नव्हतं. सुचिताच्या लगेच लक्षात आलं. आज दहावा असणार. सगळं घर घाटावर.

"आमचं?" वरून राजवर्धननं विचारलं.

"आज नाही काही."

तो खाली वाकून तिच्याकडे बघायला लागला. "नाही? असं कसं नाही? एवढ्या दिसांत एकदा चुकलं नाही." मग जरा थांबून, "आप्पा लईच रागावलं काय ओ?" तो चेहरा असा पडला, की गोदामात माणसं हाकणारा हाच तो बाप्या, हे कुणाला खरं वाटलं नसतं. "का बरं नसंल त्यास्नी? ताई, फोन लावू का एकदा?"

फोन लावला तर संपलंच. सुचितानं फोनकडे पाहिलं. पडदा कोरा होता. आणि त्या कोऱ्या पडद्यावरून तिनं वाचायला सुरुवात केली.

"थांब, आला बघ. आप्पा म्हणतात... गेलास ते बरं केलंस. पाय मागं घेतलं, ते मनात ठेवू नको."

राजवर्धन पायरीवर खाली बसला. मग म्हणाला, "परत वाचा."

तिनं परत वाचलं. या खेपेला 'ठेवू नको'च्या जागी 'धरू नको' झालं, पण त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यानं डोलकाठीवर एक जोरात थाप मारली आणि ओरडला, "चीफ! आप्पा बरं केलंस म्हणालं!" चीफनी सुचिताकडे पाहिलं. त्यांना वाटलं, बाबासोनंच शहाणपणानं लिहिलं असेल. सुचितानं फोन बंद केला आणि पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली. कणीक पार पातळ झाली.

सगळ्या जन्मात ती गप्प बसली होती, खोटं बोलली नव्हती. आता बोलली होती, तेही मेलेल्या माणसाच्या तोंडून. आणि वाईट म्हणजे तिला ते छान जमलं होतं.

त्यानंतर राजवर्धन निराळाच माणूस झाला. गाणी म्हणायला लागला, गंजाचे डाग घासून काढायला लागला, भांडी बळेच ओढून घ्यायला लागला. आप्पांचं ते वाक्य तो दिवसातून कितीदा तरी म्हणायचा. सुचिताला ते ऐकू येऊ नये म्हणून कानात बोळे घालावेसे वाटत. आधी तिला एकच सांभाळायचं होतं, मृत्यू. आता ते सांगितलं की हे वाक्यही जाणार. बापही जाणार आणि बापाचा तो शब्दही. तिनं स्वतःच्या हातानं दार बंद करून कडी लावून घेतली होती.

थोडा वारा आला, बोट सरकली, आणि एका सकाळी विषुववृत्त ओलांडलं. पाण्यावर काही रेघ नसते, पण खलाशांना उत्सवाला निमित्त पुरतं. चीफ अंगात वारं शिरल्यासारखे हुशारले. त्यांनी जुनी पितळी वाटी काढली, साबण फेसला आणि वस्तरा परजला. जहाजावरची पद्धत अशी, की जो पहिल्यांदा ही रेघ ओलांडतो त्याचं डोकं भादरायचं. "सुचिताबाईंची एक बट कापू. राजवर्धन, तू मात्र पूर्ण! बस इथे." सुचितानं शिरा केला होता. तिघंही त्या चिमुकल्या जागेत दाटीवाटीनं बसले होते, ऊन चटचटत होतं. चीफ मनानं वाईट नाहीत. स्वतःच्या डोक्यावर तिशीपासून केस नाहीत, त्यामुळे या गोष्टीचा दुसरा काही अर्थ होतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

राजवर्धननं हसत हसत दोन्ही हात डोक्यावर धरले. "चीफ, दुसरं काय बी करा. बादलीभर पानी ओता, समुद्रात बुचकळा. डोकं नाय."

"अरे, परंपरा आहे!"

"आमची बी हाय ना. बाप असताना डोकं करत नाहीत आमच्यात. आप्पा हायत अजून." त्यानं शिऱ्याचा घास तोंडात टाकला. "आत्ता कुटं बरं केलंस म्हणाल्यात, आन मी टक्कल करून दारात उभा ऱ्हाऊ? म्हातारं काठी घेऊन मागं लागंल."

चीफचा वस्तरा हवेत राहिला. त्यांनी वस्तरा मिटला, वाटीतलं पाणी समुद्रात टाकलं आणि उगाचच होकायंत्राकडे बघत म्हणाले, "बरं. राहिलं." राजवर्धनला वाटलं, म्हातारा नाराज झाला. त्यानं समजूत घातली. "टेन्शन नका घेऊ चीफ. घ्या, शिरा घ्या."

सुचिता खाली गेली. चीफ मागोमाग आले. "चारेक दिवसांत माहे येईल," ते कुजबुजले. "शब्द दिलाय तुम्ही."

"गप्प बसायचा दिला होता," ती म्हणाली. "मी गप्प कुठे बसलेय?" चीफना त्याचा अर्थ कळला नाही, आणि समजावून सांगायचं तिच्यात बळ नव्हतं. आईच्या गळ्याची शपथ मोडावी लागणार होती. पण वर तो बसला होता, बाप आहे म्हणून केस राखून. हे यापुढे आपल्याच्यानं बघवणार नाही, एवढं तिला पक्कं कळलं.

दुपारी तो मागच्या बाजूला वाकून खाऱ्या पाण्यात भांडी घासत होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"राजवर्धन, आप्पा गेले रे."

"कुटं?" त्यानं कढई खळबळत विचारलं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. कढई हातातून सुटली, पाण्यावर क्षणभर तरंगली आणि तिरकी होऊन खाली गेली.

तिनं सगळं सांगितलं. फुलं तोडणं, बाबासोचा फोन, आईची शपथ, चीफचा हुकूम. एक गोष्ट सोडून सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि तो उठला. तरातरा चालत पुढच्या टोकाला गेला. तिथे पाणी. परत मागे आला. तिथेही पाणी. पुन्हा पुढे गेला. एवढा दांडगा माणूस आपल्या दुःखाला चालायला जागा शोधत होता, आणि बोट संपत होती. शेवटी तो येऊन मागच्या बाकावर बसला.

"चीफ, वस्तरा काढा," तो म्हणाला.

चीफनी साबण फेसला. ते वस्तरा फार सावकाश चालवत होते. केसांचे पुंजके राजवर्धनच्या खांद्यावर पडत होते. अर्धं डोकं झालं असेल, तेव्हा मान न हलवता त्यानं विचारलं.

"ताई, ते बरं केलंस आलं, तवा आप्पा नव्हतं."

"नव्हते."

"मग ते दादानं आपल्या मनानं लिवलं, का आप्पा जायच्या आधी म्हणालं हुतं?"

चीफचा हात थांबला. सुचिताला घशाशी खरं आलं होतं. तोंड उघडलं की ते बाहेर पडणार होतं. पण त्या अर्ध्या भादरलेल्या डोक्याकडे पाहून ती म्हणाली, "आधी म्हणाले होते. बाबासोनं फोनवर सांगितलं मला."

"लावा," तो म्हणाला. "घरी फोन लावा."

नाही म्हणायला आता कुठलंच कारण उरलं नव्हतं. तिनं फोन वर आणला, अँटेना सोडवली, नंबर लावला. त्याचे हात साबणाचे, म्हणून स्पीकर सुरू करून त्याच्या तोंडापुढे धरला. पलीकडे बाबासो असेल, तो म्हणेल, मी तर असलं काही लिवलंच नाही, आणि मग या बोटीवर, या माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून आपल्याला अजून चार दिवस काढायचेत. फोन वाजत राहिला.

"हालो?" बाळाबाई होती.

"आई." एवढंच म्हणून त्याचा आवाज गेला. पलीकडे ती काय ते समजली. मग त्यानं विचारलं, "आई, एक सांग. खरं सांग. गेलास ते बरं केलंस, असं आप्पा म्हणालं हुतं का?"

फोनच्या त्या लांबच्या वाटेत शब्द पोचायला वेळ लागतो. तो वेळ गेला. त्याहून जास्त गेला. सुचितानं डोळे मिटले.

"व्हय रं," बाळाबाई म्हणाली. "म्हणालं हुतं की. पाय मागं घेतलं, त्येचं लई लागून ऱ्हायलं हुतं त्यास्नी. रोज इषय काडायचं."

राजवर्धन रडायला लागला. साबणाच्या हातांनीच त्यानं तोंड झाकलं आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. चीफ त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

पायाचं त्यानं विचारलंच नव्हतं. ते वाक्य सुचितानं रचलं होतं, कोऱ्या पडद्यावरून, कणीक भिजवायच्या आधी. म्हातारीनं पोराचा आवाज ऐकून खोटं सांगितलं, की खरंच आप्पा तसं म्हणाले होते, हे तिला बाळाबाईलाच विचारावं लागलं असतं. फोन तिच्या हातात होता. पण तो स्पीकरवर होता आणि राजवर्धन पलीकडच्या प्रत्येक आवाजाकडे कान लावून बसला होता. इथे विचारायची सोय नव्हती, आणि पुढे कोपरखैरण्याला जाऊन विचारलं तरी म्हातारीला आपलं खोटं आधी सांगावं लागलं असतं.

"पोरी, हायस का तू?" बाळाबाईनं विचारलं.

"आहे," सुचिता म्हणाली, आणि पुढे दोघीही काही बोलल्या नाहीत.